विश्लेषण : गिरणी गेली, चादर मागे पडली... सोलापूरच्या यंत्रमागावर आता कोणता रेटा?

सोलापुरी चादर महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत एकदा तरी येऊन गेली आहे. २००५ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक म्हणजे जीआय मिळाला. राज्यातून हा मान मिळवणाऱ्या पहिल्या उत्पादनांपैकी ती एक. पण आज सोलापुरातल्या यंत्रमागांवर चादरीपेक्षा टॉवेल आणि नॅपकिनच अधिक विणले जातात. ज्या कापड गिरण्यांमुळे सोलापूरला ‘गिरणगाव’ म्हटले जाई, त्यांची धुराडी केव्हाच थंडावली. गिरण्या गेल्यावर ज्या छोट्या यंत्रमागांनी शहर सावरले, तेही आता अडचणीत आहेत. कामगार मिळत नाही, वीज परवडत नाही, मालाला भाव नाही, ही वाक्ये इथल्या यंत्रमागधारकांच्या तोंडी रोजची झाली आहेत. एका शहराचा एकच उद्योग दीडशे वर्षांत इतक्या वेळा का बदलला, आणि यापुढचा बदल आधीच्यांपेक्षा वेगळा का असेल, याचा हा वेध.

बदलाचा रेटा म्हणजे नेमके काय?

गिरणी असो, बँक असो की साखर कारखाना, कोणतीही संस्था हौसेने बदलत नाही. बसलेली घडी मोडायला पैसा लागतो, माणसे दुखावतात आणि नवे जमेलच याची खात्री नसते. त्यामुळे बदल होतो तो बहुधा बाहेरून रेटा आल्यावरच. हा रेटा ढोबळमानाने पाच दिशांनी येतो. ग्राहकाची आवड बदलते. नवे यंत्र येते. दुसऱ्या गावचा स्पर्धक स्वस्त माल आणतो. सरकार कायदा, कर किंवा सवलत बदलते. आणि कामगार असो वा मालकाची पुढची पिढी, माणसे वेगळा विचार करू लागतात.

एका क्षेत्रातल्या संस्था कालांतराने एकसारख्या का दिसू लागतात, याचा अभ्यास पॉल डिमॅगिओ आणि वॉल्टर पॉवेल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडला. त्यांनी तीन कारणे सांगितली. पहिले सक्ती : कायदा किंवा मोठा ग्राहक जे सांगेल ते करावे लागते. दुसरे अनुकरण : पुढचे काही दिसत नसले की माणूस शेजाऱ्याकडे पाहतो. तिसरे व्यावसायिक शिस्त : एकाच तऱ्हेचे शिक्षण घेतलेले लोक सगळीकडे एकाच पद्धतीने काम करू लागतात.

सोलापुरात पहिली दोन कारणे ठळक दिसतात. शेजारच्या कारखान्याने टॉवेल विणायला घेतले म्हणून आपणही घेतले, हे अनुकरण. परदेशी खरेदीदाराने कारखान्याची तपासणी मागितली म्हणून हजेरीपट नीट ठेवू लागले, ही सक्ती. तिसरे कारण मात्र इथे अशक्त आहे. इथला धंदा पदवीपेक्षा घरात, बापाच्या हाताखाली शिकला जातो.

यात एक गोष्ट नजरेतून सुटते. रेटा सर्वांवर सारखा आला तरी तो पेलण्याची ताकद सारखी नसते. ज्याला शक्य असते तो आपल्यावरचा भार दुसऱ्याकडे सरकवतो. सोलापूरच्या कापडाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या सरकवण्याचा इतिहास आहे.

गिरण्या आल्या त्या कोणत्या रेट्याने?

सोलापूर मूळचे हातमागाचे गाव. निजामाच्या मुलखातून, आजच्या तेलंगणातून आलेली तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबे इथे स्थिरावली. शहराचा ‘पूर्व भाग’ आजही त्यांची ओळख सांगतो. साळी, कोष्टी, मोमीन असे इतर विणकर समाजही होतेच.

१८६० मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग सोलापूरपर्यंत पोहोचला. कापूस बाहेर जाणे आणि यंत्रे आत येणे दोन्ही सोपे झाले. मग १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. गावेच्या गावे कामाच्या शोधात बाहेर पडली. याच सुमारास, १८७७ मध्ये, मुंबईचे उद्योजक मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी उभी राहिली. लोक तिला ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. पुढच्या तीन-चार दशकांत नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या.

म्हणजे रेल्वे हा तंत्राचा रेटा, दुष्काळ हा माणसांचा रेटा आणि मुंबईचे भांडवल ही संधी, असे तिन्ही एकाच वेळी जुळून आले. हातमाग मात्र यात लगेच संपला नाही. गिरणीचे स्वस्त सूत घेऊन विणकर लुगडी विणत राहिले. एकाच शहरात मोठी गिरणी आणि घरातला माग शेजारी शेजारी चालले. पुढे जे घडले त्याचे बीज इथेच होते.

मग गिरण्या बंद का पडल्या?

जुनी गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये गैरकारभाराच्या आरोपांत बंद पडली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये खास या एका गिरणीसाठी अध्यादेश काढला, नंतर त्याचा कायदा केला आणि कारभार आपल्या हाती घेतला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५० मध्ये ‘चिरंजितलाल चौधरी’ प्रकरणात न्यायालयाने सरकारी कारवाई टिकवली. डिसेंबर १९५३ मध्ये ‘द्वारकादास श्रीनिवास’ प्रकरणात मात्र नुकसानभरपाई न देता मालमत्ता ताब्यात घेणे घटनाबाह्य ठरवले. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जी प्रकरणे होती, त्यांत हे एक. घटना शिकणारे विद्यार्थी आजही सोलापूरच्या या गिरणीचे नाव वाचतात.

पण न्यायालयाच्या निकालाने गिरणी तगत नाही. स्वातंत्र्यानंतरचे धोरण हातमाग जगवण्याचे होते. काही प्रकारचे कापड गिरण्यांनी विणू नये असे नियम झाले. १९५६ पासून गिरण्यांच्या मागसंख्येच्या वाढीवर निर्बंध आले. गिरणीवर करही जास्त. यंत्रे जुनी होत गेली, नफा यंत्रांत परत घातला गेला नाही आणि कामगार कायद्यांचा खर्च मात्र गिरणीला चुकवता येत नव्हता.

या सगळ्याचा फायदा हातमागाला मिळावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो मिळाला दोघांच्या मधल्या यंत्रमागाला. हातमागापेक्षा वेगवान, गिरणीपेक्षा स्वस्त आणि बहुतेक नियमांच्या नजरेआड. गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग विकत घेऊनही अनेकांनी धंदा सुरू केला. सरकारने रेटा एका जागी दिला आणि बदल दुसऱ्याच जागी झाला. १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली आणि गिरणगाव हे नाव मागे पडत गेले.

छोटा माग का टिकला?

गिरणीचा डोलारा मोठा असतो. मागणी घटली तरी व्याज, पगार, बॉयलर, कचेरी यांचा खर्च चालूच राहतो. आठ-दहा मागांच्या कारखान्याला ही चिंता नाही. मागणी नसली की माग थांबवायचा. मजुरी उत्पादनावर असते. माग थांबला की मजुरीही थांबते. म्हणजे बाजारातली मंदी मालकाच्या ताळेबंदात शिरण्याआधी कामगाराच्या घरात शिरते.

लहान राहण्याचेही फायदे होते. भविष्य निर्वाह निधीचा कायदा २० कामगारांपासून लागू होतो. राज्याच्या यंत्रमाग वीज सवलतीत २७ अश्वशक्ती ही एक महत्त्वाची सीमारेषा आहे. तिच्या खालच्या आणि वरच्या जोडणीला वेगवेगळी सवलत मिळते. साहजिकच एकाच कुटुंबाचे माग भावांच्या, मुलांच्या नावे विभागून दाखवणे ही देशभरातल्या यंत्रमाग केंद्रांत रूढ झालेली पद्धत. वाढण्यापेक्षा विभागून राहणे शहाणपणाचे ठरले.

दुसरा आधार घराघरांतल्या बायकांचा. कांड्या भरणे, टॉवेलांच्या कडा शिवणे, घड्या घालणे ही कामे बहुतांशी त्यांच्याकडे. त्याशिवाय सोलापूर हे विडी उद्योगाचेही मोठे केंद्र. तेंदूपाने आणि तंबाखू घरी आणायची, विड्या वळायच्या आणि हजार विड्यांमागे मजुरी घ्यायची. नवऱ्याचा माग बंद पडला की चूल बायकोच्या सुपावर चालायची. कुंभारीत विडी कामगार महिलांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिच्या चाव्या दिल्या गेल्या. विडीवर अवलंबून असलेल्या संसारांची संख्या किती मोठी होती, हे त्या आकड्यावरून कळावे.

थोडक्यात, यंत्रमाग टिकला तो फक्त मालकाच्या चलाखीवर नव्हे. त्याच्यावरचा भार कामगार आणि त्याच्या घरच्या बायकांनी उचलला होता.

चादरीच्या जागी टॉवेल कसा आला?

सोलापुरी चादर म्हणजे रंगवलेल्या जाड सुताची, जकार्डवर नक्षी उठवलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी. ती वर्षानुवर्षे टिकते आणि हीच तिची अडचण. एकदा घेतली की पुन्हा गिऱ्हाईक कधी येणार? धुवायला जड, वाळायला वेळ. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि वॉशिंग मशिन वापरणाऱ्या घरांना हलकी पांघरुणे सोयीची वाटू लागली. पॉलिस्टरची मऊ ब्लँकेटे स्वस्तात मिळू लागली.

त्यात स्पर्धेची भर. हरियाणातले पानिपत हे ब्लँकेट आणि चादरींचे मोठे केंद्र. तिथे आणि अन्यत्र तयार झालेला हलका माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो, ही इथल्या उत्पादकांची जुनी तक्रार आहे.

टॉवेलचे गणित वेगळे. तो झिजतो, पुन्हा घ्यावा लागतो. हॉटेल, रुग्णालय, सलून, व्यायामशाळा सगळ्यांना लागतो. निर्यातही होतो. टेरी टॉवेल विणताना उभ्या सुताचे दोन बीम लावतात, एक ताणलेला आणि एक सैल. सैल सुतातून बारीक कड्या उभ्या राहतात आणि त्या पाणी शोषतात. हे कौशल्य सोलापूरने लवकर आत्मसात केले. एकाने केले, दुसऱ्याने पाहिले, आणि काही वर्षांत बहुतेक मागांचा मोहरा तिकडे वळला. टेरी टॉवेललाही चादरीसोबतच जीआय मिळाला.

देशी बाजारात टॉवेलला आणखी एक आधार होता, तो टॉवेल-टोपीचा. लग्नातला आहेर असो की गावातला सत्कार, टॉवेल-टोपी हवीच. पण आता पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापले जाते. रिवाज बदलला की मागावरही परिणाम होतो. ग्राहकाचा रेटा असा न बोलता येतो.

जीआय असूनही नक्कल का थांबत नाही?

जीआयविषयीचा समज आणि वस्तुस्थिती यांत अंतर आहे. १९९९ चा भौगोलिक निर्देशांक कायदा सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. तो नावाचे रक्षण करतो, विणीचे नाही. पानिपतमध्ये कोणी तशीच चादर विणली तर तो गुन्हा नाही. तिला ‘सोलापुरी’ म्हणून विकले तर गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवास व दंडाची तरतूदही आहे.

पण तक्रार कोणी करायची? देशभरातल्या बाजारपेठांत फिरून पुरावा गोळा करणे, खटला चालवणे हे आठ मागांच्या मालकाचे काम नाही. त्यासाठी मजबूत संघटना, पैसा आणि प्रत्येक उत्पादकाची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी लागते. नोंदणी दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. शिवाय ग्राहकाला खऱ्या-खोट्यातला फरक ओळखता आला पाहिजे. कागदावरचा हक्क आणि बाजारातली किंमत यांच्यामध्ये संघटनेचे बळ असते. छोट्या-छोट्या तुकड्यांत विखुरलेल्या उद्योगाला नेमके तेच कमी पडते.

आता नवे रेटे कोणते?

पहिला यंत्राचा. साध्या यंत्रमागात धोटा इकडून तिकडे फेकला जातो. मिनिटाला साधारण शे-दीडशे फेऱ्या होतात. धोटाविरहित रॅपियर माग त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने चालतो, एअरजेट त्याहूनही जलद. साधे माग एका कामगाराला दोन-चारच सांभाळता येतात, नवे माग त्याहून अधिक. शिवाय नव्या मागावरच्या कापडात दोष कमी. गुजरात, पंजाब, मध्य प्रदेशातील प्रचंड टॉवेल कारखाने सूत कातण्यापासून पॅकिंगपर्यंत सारे एका छताखाली करतात. त्यांच्याशी किमतीत आणि एकसारखेपणात टक्कर देणे साध्या मागाला जड जाते.

दुसरा जागतिक व्यापाराचा. कापडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरची कोटा पद्धत १ जानेवारी २००५ रोजी संपली. बाजार खुला झाला, तसे चीन, पाकिस्तान, तुर्कस्तान, बांगलादेश हे स्पर्धकही मोकळे झाले. जानेवारी २०१४ पासून पाकिस्तानला युरोपीय संघाची ‘जीएसपी प्लस’ सवलत मिळाली आणि त्यांचा टॉवेल तिथे शुल्काविना जाऊ लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ आणि नंतर आणखी २५ टक्के असे एकूण ५० टक्के शुल्क लादले. ब्रिटनबरोबर जुलै २०२५ मध्ये झालेल्या करारात कापडावरचे शुल्क काढण्याची तरतूद आहे. अशा निर्णयांचे आकडे वर-खाली होत राहतात. अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्याला त्यात काहीही म्हणणे मांडता येत नाही, परिणाम मात्र सोसावा लागतो.

तिसरा कच्च्या मालाचा आणि विजेचा. मे २०२२ मध्ये कापसाची खंडी, म्हणजे ३५६ किलो, एक लाख रुपयांवर गेली होती. सूत महागले की टॉवेलचा दर त्याच दिवशी वाढवता येत नाही, कारण ऑर्डर जुन्या दराने घेतलेली असते. वीज सवलतीत राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये वाढ केली : २७ अश्वशक्तीहून कमी भाराच्या यंत्रमागांना युनिटमागे अतिरिक्त एक रुपया आणि त्याहून जास्त भाराच्यांना ७५ पैसे. दिलासा खरा, पण स्पर्धा ज्या राज्यांशी आहे तीही सवलती देतच असतात.

चौथा खरेदीदाराचा. परदेशी साखळी दुकानांना फक्त टॉवेल नको असतो. त्यात अपायकारक रसायने नाहीत याचे ‘ओको-टेक्स’ प्रमाणपत्र, सेंद्रिय कापसासाठी ‘गॉट्स’, कामगारांच्या वागणुकीचा तपासणी अहवाल हे सारे लागते. रंगवणीचे सांडपाणी कुठे जाते, असाही प्रश्न येतो. उजनीच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे दिवसाआडहून अधिक वाट पाहणाऱ्या या शहरात पाणी हा रंगवणी उद्योगाचा सर्वांत दुखरा भाग आहे.

कामगार का मिळत नाही?

हा पाचवा रेटा सर्वांत शांत आणि सर्वांत निर्णायक. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा आवाज, हवेत उडणारे कापसाचे तंतू, उत्पादनावरची मजुरी आणि अनेक ठिकाणी नियुक्तिपत्राचाही पत्ता नाही. बापाने हे केले, पण मुलाने करू नये असे बापालाच वाटते. मुले शिकली. पुणे चार-पाच तासांवर, हैदराबादही फार लांब नाही. घरपोच सेवा, गोदाम, मॉल, आयटी कंपनीतले कँटीन, काहीही चालेल पण माग नको, अशी भावना आहे. यंत्रमागधारकांच्या घरांतही चित्र वेगळे नाही. इंजिनीअर झालेला मुलगा कारखान्यात बसायला तयार नसतो.

विडीचा आधारही पातळ होतो आहे. पाकिटावरचे सचित्र इशारे, तंबाखूविरोधी कायदे, २०१७ मध्ये लागलेला २८ टक्के जीएसटी यांनी तो धंदा आक्रसला. सप्टेंबर २०२५ मध्ये विडीवरचा कर १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला खरा, पण नव्या पिढीतल्या मुली विड्या वळायला बसत नाहीत. हे आरोग्याच्या दृष्टीने चांगलेच. परंतु यंत्रमागाची मजुरी कमी असतानाही घर ज्या दुसऱ्या कमाईवर तगून होते, ती कमाई आटते आहे.

इथेच आधीच्या बदलांपेक्षा वेगळी परिस्थिती निर्माण होते. आजवर बाजाराचा भार खाली सरकवता येत होता. आता तो घ्यायला खाली कोणी थांबायला तयार नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न यात कुठे येतो?

१८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. त्याच इमारतीत राहणाऱ्या आठ जणांचा मृत्यू झाला. त्यांत मालकाचे कुटुंबीय होते आणि कामगारही होते.

कारखाना आणि घर एकाच छताखाली असणे ही छोट्या उद्योगांतली जुनी रीत. राखण होते, भाडे वाचते, पाळीला माणूस हाताशी राहतो. पण सूत आणि टॉवेलांच्या गठ्ठ्यांना आग लागली की ती झपाट्याने पसरते. वाचवलेल्या खर्चाची किंमत कधी तरी अशी चुकती होते, आणि त्या वेळी मालक-मजूर असा फरक उरत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. नियुक्तिपत्र, आरोग्य तपासणी, कामाच्या जागेची सुरक्षितता यांविषयीच्या तरतुदी त्यांत आहेत. त्यांची अंमलबजावणी छोट्या कारखान्यांपर्यंत पोहोचते का, हे पाहावे लागेल.

मग सगळे नवे माग का घेत नाहीत?

इच्छा नाही असे नाही. केंद्राची तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना (टफ्स) १९९९ पासून होती, तिची सुधारित आवृत्ती मार्च २०२२ पर्यंत चालली. साध्या मागाला जागेवरच सुधारण्यासाठी मदत देणारी योजना २०१७ मध्ये ‘पॉवरटेक्स इंडिया’त आली. राज्याचे २०२३ ते २०२८ या काळाचे वस्त्रोद्योग धोरण आहे. काहींनी या योजनांतून रॅपियर माग बसवलेही.

पण नवा माग एकटा येत नाही. त्याला चांगले सूत लागते, नीट सायझिंग लागते, स्थिर वीज लागते, दुरुस्तीला प्रशिक्षित माणूस लागतो. तो चोवीस तास चालला तरच कर्जाचा हप्ता निघतो, आणि चोवीस तास चालवायला तेवढ्या ऑर्डर लागतात. अनुदान हातात पडेपर्यंत व्याज आपल्या खिशातून भरावे लागते. गहाण ठेवायला जागा नसलेल्या माणसाला बँक दारात उभे करत नाही. शिवाय नवा माग म्हणजे वीजभार वाढला, उलाढाल वाढली, कायद्याच्या नजरेत आले. लहान राहिल्याने जे फायदे मिळत होते ते सोडावे लागतात. ज्या लहानपणाने यंत्रमागाला गिरणीपेक्षा जास्त आयुष्य दिले, तेच आता पुढच्या पायरीवर चढू देत नाही.

सोलापूरला दुसरी वाट सापडली आहे का?

एक उदाहरण शहरातच आहे. शाळांचे आणि कंपन्यांचे गणवेश शिवण्याचा उद्योग इथे वाढला. सोलापूर रेडिमेड कापड उत्पादक संघाने २०१७ मध्ये गणवेशांचे प्रदर्शन भरवले आणि पुढे इतर शहरांतही नेले. एकेकट्या शिवणघराला देशभरातला खरेदीदार सापडला नसता. एकत्र आल्यावर खरेदीदारच सोलापुरात आला.

यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. शिलाई यंत्राची किंमत मागाच्या तुलनेत फार कमी, त्यामुळे सुरुवात करणे सोपे. काम मुख्यत्वे महिलांचे, आणि विडी सोडणाऱ्या घरांना तो पर्याय ठरू शकतो. तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्येकाने स्वतंत्र विकण्याऐवजी शहराचे नाव विकले गेले. अर्थात हाही रामबाण नाही. गणवेशाचा हंगाम जूनपर्यंतचा, आणि शिलाईची मजुरीही नगावरच ठरली तर जुनेच दुखणे नव्या जागी येईल.

पुढे काय?

दीडशे वर्षांत सोलापूरने लुगडे पाहिले, गिरणीचे कापड पाहिले, चादर पाहिली, टॉवेल पाहिला. प्रत्येक वेळी शहर बदलले आणि तगले. त्यामुळे ‘सोलापूरचे कापड संपले’ असे म्हणणे घाईचे ठरेल. पण प्रत्येक वेळी तगण्याची किंमत मजुरीत, पाळीच्या तासांत आणि बायकांच्या घरकामात वसूल झाली. ती सोय आता उरलेली नाही.

पुढच्या काही वर्षांत तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे लागेल. चार-पाच छोटे कारखानदार एकत्र येऊन सायझिंग, रंगवणी, सांडपाणी प्रक्रिया आणि तपासणीची प्रयोगशाळा सामाईक करतात का. वीज सवलत आणि अनुदान देताना लहान राहण्यापेक्षा एकत्र येऊन वाढण्याला सरकार बक्षीस देते का. आणि सर्वांत महत्त्वाचे, मागावरचे काम नियुक्तिपत्र, भविष्य निर्वाह निधी आणि आठ तासांची पाळी असलेली नोकरी बनते का.

यंत्र कर्जाने आणता येते, बाजारही शोधता येतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असले तर मात्र तो नवा माग चालवायला पूर्व भागातला मुलगा येणार नाही. त्याने पुण्याची गाडी पकडलेली असेल.